मुळं धुतलेला पिंपळ

आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत कुणाच्या झाडानं मान टाकली की ते कुंडीसकट माझ्या ओट्यावर येतं. मी सेवानिवृत्त माणूस. चष्मा पुसतो, पानं उलटीसुलटी करून बघतो, मातीत बोट खुपसतो आणि डॉक्टरसारखा चेहरा करून सांगतो, "सावलीत ठेवा, पाणी घालू नका, आणि काही दिवस त्याच्याकडे बघूसुद्धा नका." लोकांना वाटतं, या माणसाचा मोठा अभ्यास आहे. अभ्यास कसला! माझं सगळं ज्ञान एका पिंपळाच्या जिवावर मिळवलेलं आहे, आणि त्या पिंपळाला मरणाच्या दारात मीच नेऊन ठेवलं होतं. हे मी लपवत नाही. उलट सांगत सुटतो. पण त्या वेळी कुणी ऐकून घेतलं नाही आणि आजही कुणी घेत नाही. चुका करण्यात माझा हातखंडा होता, पण चूक माझी आहे हे लोकांना पटवणं मला कधी जमलं नाही.

आमचं गाव केळझरच्या अलीकडे, फाट्यावर उतरून पायी जायचं. घरात आम्ही चौघं. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं आणि घरातही ते गुरुजीच असायचे, म्हणजे भाकर जाड झाली तरी तिच्यावर एक छोटा पाठ व्हायचा. आई तो पाठ ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तितकीच जाड भाकर ताटात वाढायची. चौथी सगुणाआत्या, बाबांची धाकटी बहीण. लग्नाची हळद उतरली नाही तोच तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली ती कायमची. माझी सकाळ तिच्या आवाजानं उजाडायची. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या कडकडायच्या, परातीत भाकर थापल्याचा थपथप आवाज व्हायचा आणि त्या ठेक्यावर आत्या त्रिशरण म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं. गावात येऊन गेलेल्या एका भंतेजींच्या तोंडून ऐकून ऐकून तिनं सगळी वंदना पाठ केली होती, आणि ती इतकी पक्की की बाबा कुठं अडखळले तर भाकर उलटता उलटता ती पुढचा शब्द टाकायची. रविवारी विहारात पहिला शब्द तिचा असायचा. बायका पुढं बसलेल्या आत्याच्या पाठीकडे बघत थांबायच्या; तिनं सुरुवात केली की मग सगळ्या. नवरा नाही, मूल नाही, शेत नाही, अशा बाईला गावात जी एक जागा होती ती ही, सतरंजीच्या पुढच्या काठावरची.

आणि एक तिचा पिंपळ होता. तो कुठल्या पवित्र ठिकाणाहून आणलेला नव्हता. आमच्याच न्हाणीच्या विटांच्या फटीत उगवला होता. बाबा तो उपटायला निघाले, तेव्हा आत्यानं तो हळूच सोडवून रॉकेलच्या रिकाम्या डब्यात लावला. अंगणात बाजेवर कुरडया वाळत असायच्या, त्यांच्या पलीकडे माठाच्या सावलीत तो डबा. तांदळाचं धुवण त्याचं. आत्या त्याच्याशी बोलायची वगैरे नाही, असले चाळे तिला आवडत नसत. पण येता-जाता एखादं पान दोन बोटांत धरायची आणि सोडून द्यायची, लहान पोराचा कान धरावा तसं.

विहारावर नवं टिनाचं छप्पर चढलं, तेव्हा समितीनं ठरवलं की बुद्धपौर्णिमेला समोरच्या मोकळ्या जागेत बोधीवृक्ष लावायचा. झाड आयतंच होतं. आई म्हणाली, "मृग लागू द्या ना, आता वैशाखात कोन झाड लावते?" पण पौर्णिमा वैशाखातच येते, त्याला कोण काय करणार! शिवाय वर्ध्याहून एक मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. समितीचे अध्यक्ष नामदेवराव म्हणाले, साहेबांच्या हस्ते लावू. बाबा उठून उभे राहिले. "साहेब माती टाकतील. झाड सगुणा लावल. तिनं वाढवलं, तिच्याच हातानं लागलं पाहिजे." काही जण एकमेकांकडे बघायला लागले. बाबांनी आवाज चढवला. "काऊन? विधवेचा हात अशुभ असते का? थे सारं आपन मांगं सोडून आलो ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांना वाटलं, जिंकलो. अशा माना किती पटकन डोलतात आणि आत काय तसंच राहतं, हे ओळखायला मला पुढं नोकरीतल्या पुष्कळ मीटिंगा बघाव्या लागल्या.

माझं नाव त्या सभेत ओघानंच आलं. मी वर्ध्याच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, विषय वनस्पतीशास्त्र. "आपला प्रकाश हाय ना, थो शास्त्रानं लावल," नामदेवराव म्हणाले, आणि माझी छाती रॉकेलच्या डब्याएवढी झाली.

आता माझं शास्त्र ऐका. प्रॅक्टिकलला आम्ही रोपं उपटायचो, मुळं बादलीत स्वच्छ धुवायचो आणि वहीत त्यांची आकृती काढायचो. त्यानंतर त्या रोपांचं काय होतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, कारण ती कचऱ्यात जायची. मला मात्र झाड म्हटलं की धुतलेली मुळंच डोळ्यांपुढे यायची. पौर्णिमेच्या सकाळी पांढऱ्या लुगड्यातल्या बायका, निळ्या टोप्या घातलेली पोरं, खिरीचा दरवळ, भोंग्यावर भीमगीत, असा सगळा थाट जमला. मी डबा कापला, मुळांभोवतीचा मातीचा गोळा सगळ्यांदेखत बादलीत बुडवला आणि चोळून चोळून धुतला. मुळं कशी पांढरीशुभ्र निघाली! "हे सोटमूळ," मी म्हणालो, "आणि ही उपमुळं." पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या जरा पुढं आली. "काऊन रे बाबू, माती कायले काढली?" मी म्हणालो, "आत्या, नवीन मातीशी संबंध यायला पाहिजे ना." हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. ते मी तिथंच उभ्या उभ्या तयार केलं होतं.

साहेबांना यायला उशीर झाला. मग त्यांचं भाषण. सूर्य डोक्यावर, खाली वैशाखातली माती, आणि मी व्यासपीठाच्या कडेला उघड्या मुळांचं झाड हातात धरून उभा. फोटो काढतील म्हणून मी ते सावलीतही नेलं नाही. भाषण वृक्षांचं महत्त्व या विषयावर होतं. ते संपलं तोवर मुळांचा पांढरा रंग जाऊन ती सुतळीसारखी दिसायला लागली होती. शेवटी आत्यानं ते माझ्या हातातून घेतलं, खड्ड्यात उभं केलं, साहेबांनी मूठभर माती टाकली, साधुकार झाला, आणि मी पोटभर खीर खाल्ली.

संध्याकाळी पानं लोंबायला लागली. पिंपळाचं पान एरवी वारा नसतानाही हलतं; ही नुसती लटकली होती, ओल्या चिंधीसारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका तांब्या घेऊन आल्या. झाड तहानलं, असं सगळ्यांना वाटलं, आणि बोधीवृक्षाला पाणी घालणं तर पुण्याचंच काम. वस्तीतल्या घराघरातून तांब्या निघाला. सकाळची वंदना झाली की पाणी, संध्याकाळची झाली की पाणी. एकीनं घातलं आणि आपण नाही घातलं, असं कोण होऊ देईल? आमच्या काळ्या मातीत एकदा पाणी मुरलं की निघायचं नाव घेत नाही. झाडाभोवती डबकं साचलं, तिथं म्हशीनं बसकण मारायची तेवढी बाकी होती. वर ऊन, खाली चिखल, मधे थोट्या मुळांवर उभा पिंपळ. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. जितकी गळाली तितके तांबे वाढले.

पहिला शब्द कुणी काढला ते मला माहीत आहे. आत्याची जिवाभावाची मैत्रीण वच्छलाबाई, जिच्यासोबत ती दर उन्हाळ्यात कुरडयांचा चीक हाटायची. हापशावर घागर भरताना ती म्हणाली, "लावाचं होतं तं एखाद्या भरल्या हातानं लावाचं. गुरुजीले कोन सांगावं?" एवढंच. ती वाईट बाई नव्हती. झाडाचं दुःख तिलाही होतंच. पण हापशाचा दांडा वर-खाली होत होता, प्रत्येक घागरीबरोबर ते वाक्य एकेका घरी गेलं, आणि आमच्या दारात आलं तेव्हा त्याला आणखी शेपट्या फुटल्या होत्या. ज्यांनी घरातले देव पोत्यात घालून नदीत सोडले होते त्यांच्याच घरात अपशकुन परत आला होता.

आत्यानं ऐकलं. ती रडली नाही, भांडली नाही. रविवारी आई पांढरं लुगडं नेसून तयार झाली, तर आत्या जात्याजवळ बसून डाळ पाखडत होती. "तू जा वयनी. मले काम हाय." त्या दिवशी विहारात वंदना सुरूच होईना. बायका रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या आणि शेवटी नामदेवरावांनी घोगऱ्या आवाजात सुरुवात केली. सकाळी भाकरी थापताना घरातही आवाज बंद झाला. नुसती थपथप. तो आवाज माझ्या छातीवर पडायचा.

आता तुम्ही म्हणाल, तू काय करत होतास? मी तेच केलं जे कुणाही भल्या माणसानं केलं असतं. पुढच्या रविवारी मी विहारात उभा राहिलो आणि म्हणालो, "आत्याचा काही दोष नाही. मी मुळं धुतली. मुळांना बारीक केस असतात, पाणी तेच ओढतात, ते मी चोळून काढले. वर मी ती उन्हात वाळवली. पानांतून पाणी उडून जातं आणि खालून येत नाही, म्हणून झाड सुकतं." मी फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. सगळे एकाग्र होऊन ऐकत होते. मी थांबलो आणि टाळ्या पडल्या. नामदेवरावांनी माहितीपूर्ण भाषणाबद्दल माझे आभार मानले. वच्छलाबाईनं डोळे पुसले आणि आईला म्हणाली, "आत्यासाठी पोट्टा सारं आपल्या अंगावर घेऊन राह्यला. किती गुनाचा!" कॉलेजात जाणाऱ्या पोराची चूक असूच शकत नव्हती. वस्तीनं पोटाला चिमटा घेऊन ज्याला शिकायला पाठवलं तो चुकला, तर मग राहिलं काय? त्यापेक्षा विधवेचा हात सोयीचा होता. मी घरी आलो तो ओसरीवर बाबा बसलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "चूक माही हाय," ते म्हणाले. "मीच तिले पुढं केलं." बाबांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

सुट्टी होती, तरी मी वर्ध्याला आमच्या सरांचं घर गाठलं. वाळ्याच्या ताट्यांमागं बसून सर आंबा खात होते. मुळं धुतली म्हणताच त्यांच्या हातातली कोय खाली पडली. पोटभर हसून झाल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, पाणी ताबडतोब बंद कर. चर खणून साचलेलं काढून दे. वर गोणपाटाची सावली कर. आणि उरलेली पानं अर्धी अर्धी कापून टाक. मुळांना जेवढं झेपतं तेवढंच वर ठेवायचं. वाचेलच असं नाही सांगता येत, पण दुसरा उपाय नाही.

परतीच्या एसटीत मला घाम फुटला होता तो उन्हाचा नव्हता. चर खणणं ठीक. गोणपाट ठीक. पण बोधीवृक्षाच्या पानाला कात्री? गळालेलं पानसुद्धा बायका उचलून पुस्तकात ठेवत होत्या! बाबांना सांगितलं. एरवी हेच बाबा सांगायचे, झाड म्हणजे झाड, पूजा त्याची नाही, शिकवणीची. आता म्हणाले, "पानं छाटली आन झाड मेलं, तं लोकं म्हनतील घरच्यांनीच मारलं. सगुणाले मंग गाव सोडा लागल." मी म्हणालो, "नाही छाटली तर मरणारच आहे." "मरू दे ना मंग आपोआप," बाबा म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

आत्या आतून हे सगळं ऐकत होती. सकाळी मी कुदळ घेऊन निघालो तर ती पदर खोचून दारात उभी. हातात आईची शिवणकामाची कात्री. आम्ही पोचलो तेव्हा वंदना आटोपून बायका तांबे घेऊन झाडाभोवती उभ्या होत्या. आत्यानं कुणाकडे पाहिलं नाही. डबक्यात उतरली, एक पान बोटांत धरलं आणि मधोमध कापलं. मग दुसरं. वच्छलाबाई किंचाळली, "अवं माय! बोधीचं पान कापून राह्यली? पागल झाली का व सगुणा?"

आत्यानं तिसरं पान कापलं. "माह्या हातानं मरते म्हन्ता ना? मंग माह्याच हातानं मरू द्या. दुसऱ्या कोनाले कायले पाप?"

कुणी पुढं झालं नाही. कात्रीचा कचकच आवाज तेवढा येत होता. कापलेल्या देठाशी पांढरा चीक जमत होता. मला तो बघून हुरूप आला, झाडात जीव होता; पण हे सांगायची ती वेळ नव्हती, आणि माझ्या सांगण्याचं काय होतं ते मी पाहून चुकलो होतो. सगळी पानं अर्धी झाल्यावर आत्यानं चिकट बोटं लुगड्याला पुसली. "आता कोनी पानी नाई टाकाचं. पोट्टा राखन करल." एवढं बोलून ती घरी गेली. नंतर तिनं झाडाचं नावही काढलं नाही.

राखण म्हणजे काय ते मला दुपारपर्यंत कळलं. चर खणून पाणी काढलं, चार बांबूंवर गोणपाट बांधलं आणि खाली बसलो, तर बायका तांबे घेऊन हजर. "थोडंसं टाकतो रे बाबू." "नाही." "घरून बोधीच्या नावानं आनलं, वापस कसं नेऊ?" हा खरा पेच होता. नावानं आणलेलं पाणी परत नेत नाहीत, जमिनीवर ओतायचं नाही, झाडाला मी घालू देत नाही. मी म्हणालो, मी पितो. त्यांना ते पटलं. मग त्या दिवसापासून झाडाच्या वाटचं पाणी मी प्यायलो. सकाळी वंदनेनंतर, संध्याकाळी वंदनेनंतर, माझं पोट घागरीसारखं डुचमळायचं आणि मी सारखा नाल्याकडे पळायचो. मी पळालो की कुणीतरी गुपचूप ओंजळभर झाडाला घालायचंच. झाडापेक्षा मीच जास्त टवटवीत झालो, असं आई म्हणाली. ती हसली नाही म्हणताना.

कारण झाडाची उरलेली अर्धी पानंही गळाली. एकेक करून, सगळी. शेवटी गोणपाटाखाली उरली एक करडी काडी. लोक आता तांबेही आणत नव्हते. येता-जाता मान फिरवत होते. ते तांबे बंद झाल्याचं मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. मी रोज नखानं काडीची साल किंचित खरवडून बघायचो. खाली हिरवं दिसायचं. पण रोज खरवडून मीच त्या काडीवर इतके ओरखडे काढले की आणखी काही दिवस गेले असते तर ती माझ्या काळजीनंच मेली असती. घरी जेवताना कुणी विचारायचं नाही. आत्या भाकर वाढायची, कांदा फोडून द्यायची, आणि माझ्या नखात अडकलेली साल बघून न बघितल्यासारखं करायची.

पालवी फुटली ती शेंड्याला नाही, खाली बुडाशी. तांबूस, नखाएवढी, बंद मुठीसारखी. मी ओरडत वस्तीत पळालो. विहारासमोर जत्रा भरली. नामदेवरावांनी नारळ फोडायला काढला आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन खिशात... खिशात मावेना, पाठीमागं लपवला. मग बायकांचा घोळका आमच्या घराकडे निघाला. पुढं वच्छलाबाई, हातात वाटीत साखर.

आत्या चुलीपुढं होती. वच्छलाबाईनं उंबऱ्यातूनच हाक मारली. "सगुणा, पानं आली व! चाल पाहाले. तुह्याच हाताले यश हाय बाई. आता रविवारी येजो, तुह्याबिगर वंदना अर्धी लागते." आणि तिनं चिमूटभर साखर आत्याच्या तोंडाशी नेली.

आत्यानं तोंड उघडलं नाही. तव्यावरची भाकर उलटली, मग विचारलं, "आन नसती आली, तं?"

वच्छलाबाईचा हात तसाच राहिला. मागच्या बायकांत चुळबुळ झाली. कुणीतरी "जाऊ दे ना बाप्पा आता" म्हणालं, पण ते म्हणणारीलाच पुरेसं वाटलं नसावं, कारण तिनं ते अर्ध्यावर सोडलं. भाकर फुगली, आत्यानं ती चुलीच्या तोंडाशी उभी केली. बायका एकेक करून निघून गेल्या. वच्छलाबाई सगळ्यांत शेवटी गेली. साखरेची वाटी तिनं उंबऱ्यावर ठेवली होती, तिला मुंग्या लागल्या. आईनं ती संध्याकाळी उचलली.

आत्या त्या रविवारी गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही विचारायचं सोडून दिलं. मग एका रविवारी, कुणी बोलावलं नाही, कुणी आठवणही काढली नाही, आणि आई निघाली तर आत्या पांढरं लुगडं नेसून दारात तयार होती. मी मागं मागं गेलो. विहारासमोर पिंपळाला हात-दीड हाताची कोवळी फांदी आली होती, गोणपाटाच्या सावलीबाहेर झुकून ती सळसळत होती. मी तिकडे बघत राहिलो. आत्यानं मान वळवली नाही. चपला काढल्या, सरळ आत गेली. पुढच्या काठावर तिची जागा रिकामीच होती. बायकांनी ती भरली नव्हती, किंवा भरायची हिंमत केली नव्हती. ती बसली, पदर नीट केला, हात जोडले.

बायका तिच्या पाठीकडे बघत थांबल्या. ती बोलेना. पावसाच्या उघडिपीतल्या उन्हानं टिनाचं छप्पर तापून कडकडत होतं. वच्छलाबाई मागच्या ओळीत होती, मान खाली घालून. आत्यानं त्यांना थांबवलं, चांगलं थांबवलं, इतकं की लहान पोरंसुद्धा खोकायची थांबली. मग तिनं पहिला शब्द उचलला, आणि दुसऱ्या शब्दाला तिचा आवाज फाटला. ती थांबली नाही. फाटक्या आवाजातच पुढं गेली, आणि बायकांना तिच्यामागून जावं लागलं.